एका दमात दोन नावं

मथुरा गुरव हिच्या हुद्द्याचं नाव होतं प्रयोगशाळा परिचर. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. प्रत्यक्ष काम काय, तर परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवरच्या निघालेल्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवायच्या आणि चुंबक कुणाच्या दप्तरात गेले ते हुडकून आणायचे. रत्नागिरीतल्या टेकडीवरच्या त्या शाळेत ती तेरा वर्षं हे करत होती. दहावी पास, इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचणारी, आवाज मात्र खणखणीत. तो आवाज शाळेत फारसा कुणी ऐकला नव्हता, कारण तिला कुणी काही विचारतच नसे.

आवाज बापाचा होता. तिचं माहेर लांज्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून तासभर आत चालत जावं लागे असं एक गाव. बाप रामा गुरव तिथला पुजारी, आणि गावातर्फे देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. शिमग्यात देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या दगडी चौथऱ्यावर, बसली की रामा गुरव उभा राही आणि मानकऱ्यांची नावं एकेक करून घेई. प्रत्येक हाकेला ज्याला त्याला पुढे यायचं असे, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली पुरुषमंडळी एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा." एकवीस नावं. कुठल्या नावाआधी कुठलं, हे बापजाद्यांपासून ठरलेलं. पाण्याचा मानकरी आल्याशिवाय दिवट्याचा येत नसे, दिवट्याचा आल्याशिवाय ढोलवाला काठी उचलत नसे, आणि हे सगळे आल्याशिवाय पालखी तसूभर हलत नसे. एक नाव सुटलं तर त्या घरचा माणूस अंगणातच पाय रोवून उभा राही. मग सगळा गाव त्याची समजूत काढत बसे.

सात वर्षांची असताना मथुरा बायकांच्या रांगेत बसून बापाच्या तोंडून यायच्या आधीच पुढचं नाव मोठ्याने बोलली. रामा गुरवाने मान वळवली आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "गप बस गो." ती गप बसली. लग्न होऊन रत्नागिरीला येईतो दरसाल गप बसली आणि दरसाल मनातल्या मनात त्याच्याबरोबर एकवीसच्या एकवीस नावं घेत राहिली.

दोन हजार दोन साली शाळेवर दोन गोष्टी एकदम आल्या. एक, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने आपले बारा जुने कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकले. दुसरी, मुलांची संख्या घटल्यामुळे परिचराचं एक पद जादा ठरलं. जादा झालेल्या माणसाला सरकारी भाषेत 'अतिरिक्त' म्हणतात. मथुरा अतिरिक्त ठरणार आणि तिला मंडणगडच्या शाळेत पाठवणार, हे जवळजवळ पक्कं झालं होतं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, मासळीच्या कंपनीत पाळीवर जाणारा नवरा, आणि ही जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वाट एकच उरली होती. शाळेला संगणक विषयाची मान्यता मिळाली, तर त्या खोलीसाठी परिचराचं पद राहणार होतं. मान्यतेची तपासणी ठरली सतरा डिसेंबरला, मंगळवारी. बाराही यंत्रं चालू हवीत आणि मुलांना त्यावर स्वतःचं नाव मराठीत लिहिता यायला हवं, अशी अट होती.

कारखान्याने यंत्रं दिली होती ती आतून कोरी करून. बाजारातला प्रोग्रॅम विकत घ्यायचा तर शाळेचं अख्खं स्नेहसंमेलन रद्द करावं लागलं असतं. तेव्हा गणिताच्या दामलेबाई, म्हणजे नीरजा दामले, यांनी लिनक्सचं नाव काढलं. ते फुकट होतं. शाळेचा माजी विद्यार्थी सुलेमान सोलकर कुवेतला कॉम्प्युटरचंच काम करी. तो रजेवर आलेला होता. तो तीन सीडी घेऊन आला, बाराही यंत्रांत लिनक्स घातलं, आणि मराठी अक्षरं उमटवणाऱ्या प्रोग्रॅमची चौथी सीडी बाईंच्या हातात ठेवून जायला निघाला. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं.

"सोपा हाय, बाई," तो म्हणाला. "सीडी माउंट करा. रूट व्हा. मंग पॅकेज टाका. आरपीएम हाय ती, बायनरी. सोर्सच्या नादाला लागू नका, टारबॉल उघडून कंपाइल करत बसाल. डिपेंडन्सी मागंल ती देत जा. काय?"

दामलेबाईंनी मान डोलावली. गणितात पहिल्या आलेल्या बाईला 'मला यातलं एक अक्षर कळलं नाही' हे कसं म्हणता येणार? कोपऱ्यात फडकं घेऊन उभी असलेली मथुरा मात्र त्याच्यामागोमाग पायरीपर्यंत गेली. गरज तिला होती.

"भाऊ, पॅकेज म्हणालास, आरपीएम म्हणालास, बायनरी म्हणालास. ह्या तीन वस्तू काय?"

सुलेमान थांबला. त्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "तीन नाय, मथुराबाय. एकच. बघा, आंब्याची पेटी भरून, बांधून, चिठ्ठी लावून तयार. उघडायची नि खायचा. त्याची ही तीन नावा."

"आणि सोर्स? ती टार का काय?"

"ता कलमाचा रोप. खड्डा खना, लावा, वाढवा, मंग आंबा. सोर्स नि टार दोनी एकच."

"मग एका वस्तूला इतकी नावं कशाला?"

"ता मना काय ठाव," सुलेमान हसला. "ज्यानं त्यानं आपापला ठेवलान नाव." आणि तो गेला.

मथुराने घरून एक फुलस्केप वही आणली आणि हे पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ती वही आज झेरॉक्सच्या रूपाने कुठे कुठे पोचली आहे, पण तेव्हा ती फक्त एका घाबरलेल्या बाईची वही होती.

शुक्रवारी दामलेबाईंनी काम सुरू केलं. सीडी घातली तरी यंत्राला ती दिसेना. कारण आत घातलेली सीडी यंत्राला सांगावी लागते, त्यालाच माउंट म्हणतात. ते जमलं. मग सीडीचा खण उघडेना. बाईंनी केसातली पिन काढून खणाच्या भोकात खुपसली.

"बाई, नका," मथुरा म्हणाली. "आत घेताना सांगितलंत, तसं बाहेर काढतानाही सांगायचं असेल. पाहुणा निरोप दिल्याशिवाय उठतो होय?"

बाईंनी पुस्तकात शोधलं. होतं तसं. निरोपाची आज्ञा दिली आणि खण सुरळीत बाहेर आला. वहीत दुसरं पान भरलं. रूट या शब्दाला मात्र अख्खं पान गेलं. बाईंच्या डोक्यात वर्गमूळ बसलेलं. इथे रूट म्हणजे सगळ्या किल्ल्या हाती असलेला माणूस, रूट म्हणजे जिथून सगळे कप्पे सुरू होतात ती जागा, आणि वर त्या माणसाच्या राहत्या कप्प्याचं नावही रूटच. मथुराने लिहिलं: 'घरमालक, घराचा उंबरा आणि मालकाची खोली. कोण म्हणतंय ते बघून अर्थ घ्यावा.'

खरी पंचाईत शनिवारी शाळा सुटल्यावर झाली. बाईंनी मराठीच्या प्रोग्रॅमची पेटी टाकायला घेतली, तर यंत्र म्हणालं, हिला अमुक हवी. अमुक टाकायला गेलं तर तिला तमुक हवी. तमुकला आणखी दोघी. हीच ती डिपेंडन्सी. तासाभरात बाईंच्या कागदावर बाणांचं जाळं झालं आणि चेहरा लाल झाला. पुस्तकात एक आडवाट दिली होती, की कुणाला काय हवं ते न विचारता दामटून टाकता येतं. बाईंनी दामटलं. यंत्राने कुरकुर केली नाही. प्रोग्रॅम उघडला, बाईंनी 'नीरजा' असं लिहिलं आणि पडद्यावर तीन रिकामे चौकोन उमटले.

"झालं," दामलेबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. "मंगळवारी साहेबांना चौकोन दाखवू."

"मानकऱ्यांना न विचारता पालखी काढल्यासारखं झालं, बाई," मथुरा म्हणाली. "पालखी निघते हो. पण गावातलं एक घर तिला दार उघडत नाही."

हे म्हणून ती स्वतःच चपापली. शाळेत इतकं सलग वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुम्ही फडकं मारा. दामलेबाई गर्विष्ठ होत्या, मूर्ख नव्हत्या. त्या उठल्या आणि खुर्ची सरकवून म्हणाल्या, "बसा, मथुराताई. तुमच्या गावचं सांगा."

मथुराने सहाणेवरचं सगळं सांगितलं, एकवीस नावांसकट. मग वही पुढ्यात घेतली. यंत्र काय मागतं ते बाई वाचत गेल्या आणि ही एकाखाली एक नावं लिहीत गेली. चौदा नावं निघाली. रविवारी दोघी पुन्हा आल्या. बाईंनी दामटलेलं आधी काढून टाकलं. मथुरा की-बोर्डसमोर बसली, पदराला हात पुसले आणि एका बोटाने पहिलं नाव टाइप केलं. यंत्राने साफ नकार दिला.

चूक तिची होती, आणि ती गुरवाच्या पोरीलाच करता येण्यासारखी होती. गाऱ्हाण्यात देवीचं नाव पहिलं, म्हणून तिने मुख्य प्रोग्रॅमचं नाव पहिलं घातलं होतं. सगळ्यात थोर तो आधी, बाकीचे मागाहून. ती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "काय खुळी आहे मी. नाव देवीचं आधी घेतात, पण पालखी उठते सगळ्यांच्या शेवटी. हे नाव घेणं नाही. हे उठणं आहे." तिने यादी उलटी केली. पाण्याचा मानकरी आधी. ज्याला कुणाचीच गरज नाही, तो सगळ्यांत पहिला.

आता नावं जाऊ लागली. प्रत्येक नावामागे पडद्यावर जाळीसारख्या खुणांची एक रांग डावीकडून उजवीकडे सरसरत जाई आणि पुढची ओळ रिकामी होई. एक, दोन, पाच, नऊ. दामलेबाई मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. दहाव्याला घोडं अडलं. दहावं म्हणालं, अकरावं आधी. अकरावं टाकलं तर ते म्हणालं, दहावं आधी.

बाईंनी तीनदा करून पाहिलं. मग कागद चुरगळला. "हे अशक्य आहे, मथुराताई. हा गणितातला दोष आहे. अ ला ब हवा आणि ब ला अ हवा. याला उत्तरच नसतं. सुलेमानला विचारायचं तर तो कुवेतला. उद्या हेडसरांना सांगून टाकते की होत नाही म्हणून."

मंडणगडची एसटी सकाळी किती वाजता सुटते याची मथुराने आधीच चौकशी करून ठेवली होती. पण त्या क्षणी तिला एसटी आठवली नाही. तिला आठवली सहाण, फाल्गुनातली दुपार आणि वरच्या वाडीचे व खालच्या वाडीचे दोन थोरले मानकरी. कुठल्याशा आजोबांच्या काळापासून दोघांत तेढ होती. वरच्या वाडीचा म्हणे, तो आला की मी येतो. खालच्या वाडीचा म्हणे, आधी त्याला येऊ दे. कुणाचंही नाव आधी घेतलं तरी तो हलत नसे. तिच्या आजाच्या हयातीत एक शिमगा या पायी तसाच गेला होता. आणि तिच्या बापाने काय केलं होतं? तो छाती भरून श्वास घेई आणि दोघांची नावं एका दमात घेई, मध्ये सुईच्या टोकाएवढी जागा न ठेवता. आधी कोण, मागाहून कोण, हे ठरायच्या आत दोघांनी पाऊल टाकलेलं असे.

"बाई," ती म्हणाली, "ही आज्ञा एका वेळी एकच नाव घेते का? दोन घेईल?"

"दोन?" बाईंनी पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचलं. "लिहिलंय अनेकवचनात. पण..."

"मग दोघांना एका दमात बोलावू या."

तिने दहावं नाव लिहिलं, एक मोकळी जागा सोडली आणि त्याच ओळीत अकरावं नाव लिहिलं. एंटर दाबण्याआधी तिने खरोखरच श्वास ओढून घेतला, हे दामलेबाई पुढे अनेकांना सांगत.

एक रांग सरसरत गेली. तिच्याखाली दुसरी गेली.

मथुराने उरलेली तीन नावं टाकली. मुख्य प्रोग्रॅम शेवटी उठला. बाईंनी आपलं नाव लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं लिहा." अक्षरं शोधायला बराच वेळ लागला, पण पडद्यावर चौकोन नव्हते. तिथे 'मथुरा' होतं, उकार-कान्यासकट. मथुराला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

सोमवारी उरलेली अकरा यंत्रं तिने एकटीने पुरी केली. अकरा वेळा चौदा नावं. संध्याकाळपर्यंत वही मिटलेलीच राहिली.

मंगळवारी तपासणीचे साहेब आले. बाराही यंत्रांवर मुलं आपापली नावं लिहीत बसली होती. साहेबांनी एकामागून एक बारा पडदे पाहिले आणि विचारलं, "हे बसवलं कोणी? मुंबईची एजन्सी का?" हेडसरांनी अभिमानाने दामलेबाईंकडे हात केला. दामलेबाईंनी 'हो' म्हटलं असतं तर ते चाललं असतं. कुणाला कळलंही नसतं. त्या म्हणाल्या, "आमच्या मथुराताईंनी," आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मथुराला पुढे बोलावलं. साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी विचारलं, कसं केलंत? मथुराने ट्रे बाकावर ठेवला आणि वहीशिवाय चौदा नावं घेतली, बापाच्या आवाजात, दहावं आणि अकरावं एका दमात. हेडसर तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ही बाई शाळेत कधी लागली ते आठवत असावेत. मान्यता जानेवारीत आली. पद राहिलं.

त्यानंतर तिला विचारणारे वाढले. एखाद्या शाळेचं यंत्र अडलं की दामलेबाई म्हणत, मथुराताईंना फोन लावा. ती फोनवर कधी 'डिपेंडन्सी' म्हणत नसे. ती म्हणे, त्याचा मानकरी कोण ते आधी बघा. हसणारे हसले आणि मग करून पाहून गप्प झाले.

दोन हजार चारच्या मे महिन्यात लांजा तालुक्यातले वीसेक मास्तर तीन दिवस शिकायला शाळेत आले. शिकवायचं मथुराने. त्याच आठवड्यात रामा गुरव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे उतरला होता. घरी दिवसभर पडून राहायचा कंटाळा आला म्हणून तो तिच्याबरोबर शाळेत आला आणि डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून मागच्या बाकावर बसला. लेक शाळेत बाटल्या धुते एवढंच त्याला ठाऊक होतं.

वीस मास्तर वह्या उघडून बसले होते. मथुराने पेटी सांगितली, कलमाचं रोप सांगितलं, पाहुण्याचा निरोप सांगितला. मग यादी उलटी का करायची ते सांगितलं आणि दोन भांडखोर मानकऱ्यांपाशी आली. मास्तर हसत होते आणि भराभरा लिहीत होते. मागच्या बाकावरचा म्हातारा आता ताठ बसला होता.

पुढच्या रांगेतल्या एका मास्तरांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला शिकवलं कुणी? कुठल्या कोर्सला होतात?"

"ते काय, मागे बसलेत. माझे वडील."

वीस माना वळल्या. रामा गुरव उठून उभा राहिला. गाऱ्हाण्याला उभा राही तसाच, हात जोडून.

"मी नाय शिकवला, गुरुजी," तो म्हणाला. "खोटा कशाला बोलू? मी तिला सगल्या गावात गप बस म्हनलंला. ती गप बसून आयकत ऱ्हायली."

मथुराने बापाकडे पाहिलं. पण पुढ्यात वीस माणसं होती आणि अर्ध्यावर सोडलेली यादी होती, तेव्हा ती यंत्राकडे वळली. तिने पाण्याच्या मानकऱ्यापासून सुरुवात केली. एकेक नाव मोठ्याने घेत, टाइप करत ती दहाव्यापाशी आली, छाती भरून श्वास घेतला आणि दोन्ही नावं एका दमात घेतली. पडद्यावर दोन रांगा एकाखाली एक सरसरत गेल्या.

मागच्या बाकावरून तो जुना खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मास्तर सगळे लांज्याचेच. पुढच्या नावाला त्यांनीही साथ दिली.